विषयपत्रिका मंजूर होण्याआधी

तू गेलीस त्याच्या पाचव्या दिवशी तुझ्या नावाची बैठकीची नोटीस निघाली. आपल्या भाजीपाला कंपनीचे मॅनेजर चौधरी यांनी नेहमीप्रमाणं आठही संचालकांची पाकिटं केली होती. चूक त्यांच्या लक्षात आली तोवर तुझं पाकीट माझ्या हातात पडलं होतं, कारण दर महिन्याला ते तुझ्या घरी मीच पोचवायची. ते घाईघाईनं म्हणाले, ताई, ते परत द्या, चुकून निघालं. मी दिलं नाही. रस्त्यावरच उघडलं. आत सात विषय होते. पहिला नेहमीचाच, विषयपत्रिकेस मंजुरी देणे. बाकीचे सहा मी खालपर्यंत वाचले आणि पुन्हा वर येऊन वाचले. शेडमधल्या करंटचा विषय त्यात नव्हता. तो नसणार हे मला माहीत होतं. का नसणार, हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. तुला माहीत होतं की नाही, हे आता मला कधी कळणार नाही.

देवकामावशी, आपण दोघी कधी अशा भाषेत बोललो नाही. लिहायला बसले की माझी भाषा शाळेतली होते. "पोट्टी मास्तरीन झाली," म्हणून तू हसली असतीस. पण आपल्या बोलीत लिहायला गेले की तू समोर येऊन बसतेस आणि मग माझ्यानं पुढं लिहवत नाही.

मी संचालक कशी झाले ते तुला ठाऊकच आहे. कंपनीत दोन बायका संचालक हव्या होत्या. अध्यक्ष माझे भासरे, यांचे सख्खे थोरले भाऊ. त्यांनी घरचीच सून घेतली, डी.एड. झालेली आणि तोंड न उघडणारी. अठरा वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर एक वाक्य बोलले नव्हते. ते अंगणात आले की मी डोक्यावर पदर घेऊन आत जायची. सांगायचं काही असलं तर जाऊबाईंच्या तोंडून. तेही कधी माझ्याशी थेट बोलले नाहीत; "त्यायले म्हना" एवढं म्हणून जे काय ते जाऊबाईंना सांगायचे. तुझं तसं नव्हतं. तुला तुमच्या गावच्या भाजीवाल्यांनी मतं देऊन पाठवलं होतं. वांगी आणि सांभार, म्हणजे शाळेच्या भाषेत कोथिंबीर, पिकवणारी, चौथी शिकलेली बाई आठ जणांच्या टेबलाशी येऊन बसली आणि बसल्याबरोबर तिनं चपला काढून खुर्चीखाली नीट लावून ठेवल्या, हे मला अजून दिसतं.

त्या पहिल्या बैठकीत चहा येत होता. चौधरींनी विचारलं, विषयपत्रिका मंजूर ना? सगळे पुरुष कपातून तोंड न काढता "मंजूर, मंजूर" म्हणाले. मीही मान हलवली. तू विचारलंस, "काय मंजूर केलं आपुन आता?"

सगळे हसले. कोबीवाले गुलाबराव तर सगळ्यांत मोठ्यानं. चौधरींनी समजावून सांगितलं की आज कशाकशावर बोलायचं त्याची ही यादी आहे; एकदा मंजूर झाली की बाहेरचं काही त्यात येत नाही; कोणाला काही घालायचं असेल तर ते त्याआधीच. तू ते नीट ऐकून घेतलंस.

"मंग त्याआधी जरासक थांबत जा ना. वाचून दाखवा. मी मंजूर म्हनीन, पन आयकून म्हनीन."

तेव्हापासून दर बैठकीत चौधरींना यादी मोठ्यानं वाचावी लागायची आणि भासरे घड्याळ बघायचे. बैठकीच्या आदल्या दिवशी तू मला शेडमागच्या कडुनिंबाखाली बसवून कागद वाचून घ्यायचीस. ओळीखाली तुझं बोट, त्याला वांग्याच्या काट्यांचे बारीक ओरखडे. अनुमोदन म्हणजे काय, तू विचारलंस. मी सांगितलं, एकानं म्हटलं की दुसऱ्यानं त्याच्या पाठीशी उभं राहायचं. तू म्हणालीस, मग आपल्याला काय कठीण आहे, एकीनं म्हणायचं, दुसरीनं हाव म्हणायचं. प्रत्यक्षात दर वेळी म्हणायचीस तूच. आणि माझं 'हाव' इतकं हळू निघायचं की चौधरी दोनदा विचारायचे, कोण अनुमोदक?

मग हिवाळा लागला. नागपूरच्या दुकानांना धुतलेली पालेभाजी पाहिजे होती, म्हणून शेडमध्ये हौद बांधला, मोटर बसवली. पंधरा-वीस बाया दिवसभर त्या पाण्यात मेथी, पालक, सांभार धुवायच्या. नळाला हात लागला की झिणझिण्या यायच्या. बाया पदरानं नळ फिरवायला शिकल्या. तू घरून एक लाकडी फळी आणून टाकलीस आणि त्यांना तिच्यावर उभं राहायला लावलंस. तरी एका सकाळी सुनंदा, ती तुमच्याच गावची, जुडी हातात असतानाच मागं फेकली गेली. कॅरेटवर कोपर आपटलं. थोडा वेळ तिच्या तोंडातून शब्द निघेना, नुसता जबडा हलत होता. हे तू मला सांगितलंस. मी तेव्हा दहा पावलांवर ऑफिसात वजनाच्या चिठ्ठ्या लिहीत होते.

वायरमन आला, टेप गुंडाळून गेला. झिणझिण्या चालूच राहिल्या. भासरे म्हणाले, ओल्या हाताला तेवढं होतंच, आणि ऐन हंगामात मोटर बंद ठेवली तर नागपूरची गाडी रिकामी जाईल, गिऱ्हाईक तुटेल. तू दोन बैठकांमध्ये विषय काढलास. दोन्ही वेळी त्यांनी तो 'आयत्या वेळचे विषय' म्हणून शेवटी ढकलला, आणि शेवट आला तेव्हा आलुबोंड्यांच्या प्लेटा येऊन खुर्च्या सरकल्या होत्या. तिसऱ्या वेळी चौधरी तुला म्हणाले, मावशी, विषय यादीतच घालायचा असेल तर आठ दिवस आधी लेखी अर्ज द्या.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणत होते, हंगाम संपू दे, मग शांतपणे बोलू. तू म्हणत होतीस, हंगाम संपेपर्यंत हात पाण्यात कोणाचे आहेत? मी म्हटलं, मला भीती वाटते गं. त्यावर तू म्हणालीस,

"भेवानं मानूस मरत नाई, वंदना. करंटानं मरते."

अर्ज मीच लिहिला. तू त्यावर सही केलीस. पाच अक्षरांचं 'देवकाबाई' लिहायला तुला बराच वेळ लागला आणि शेवटची 'ई' कागदाच्या काठापर्यंत गेली. उद्या देजो, म्हणालीस. मी पिशवीत ठेवला. घरी गेले तर जाऊबाई भाजी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, हे म्हणत होते, त्या देवकाबाईच्या नादी लागू नको म्हणा. बस, एवढंच. कोणी आवाज चढवला नाही. पण दोन घरांची एकच भिंत, एकच विहीर, मुलांचं येणं-जाणं तिकडेच, सासूबाईंचं जेवण एक वेळ इकडे एक वेळ तिकडे. अर्ज मी कपाटात साड्यांच्या खाली अंथरलेल्या कागदाखाली सरकवला. उद्या देऊ, म्हटलं. परवा देऊ.

बाजाराच्या दिवशी तू वांग्यांच्या ढिगामागून विचारलंस, देला का? आणि मी म्हणाले, देला, मावशी.

हे मी तुला तोंडानं सांगायला हवं होतं. आता कागदाला सांगते आहे.

पुढच्या बैठकीत यादी वाचून झाली आणि तू हात वर केलास. आमचा अर्ज कुठं गेला, विचारलंस. चौधरी गोंधळले. भासरे म्हणाले, असा कोणताच अर्ज आलेला नाही. तू म्हणालीस, दिला आहे. तेव्हा ते सगळ्यांसमोर बोलले, "बाई, काऊन खोटं बोलून राह्यल्या तुम्ही?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी समोरच्या कागदाकडे पाहिलं. त्या कागदावरची एक टाचणी मला अजून आठवते, जराशी गंजलेली. मला वाटत होतं, आता तू माझं नाव घेणार. या पोरीजवळ दिला होता, विचारा तिला, एवढं म्हणणार. तू म्हणाली नाहीस. चष्मा काढलास, पदरानं पुसलास आणि म्हणालीस, "नसन आला मंग." आणि खाली बसलीस. त्या दिवशी यादी तुझ्याशिवाय सगळ्यांनी मंजूर केली. खोटारडी ठरून तू बसून राहिलीस आणि मी तुझ्या शेजारी बसून होते.

परत येताना आपण फाट्यापर्यंत पायी आलो. तू सांभाराच्या बियांबद्दल बोलत होतीस, या वर्षी उगवण चांगली नाही म्हणून. तू विचारशील याची मी वाट पाहत होते आणि विचारू नयेस म्हणून देवाला विनवत होते. फाट्यावर तू केळझरच्या गाडीला हात केलास, चढताना मागं वळून "येजो घरी" म्हणालीस आणि गेलीस. मी मनात म्हटलं, उद्या जाऊन सांगून टाकीन. एकोणीस दिवस मी तेच म्हणत होते. विसाव्या दिवशी सकाळी तुला वांगी तोडताना छातीत कळ आली. तू बांधावर बसलीस आणि तुझे मालक आबा विहिरीवरून पाणी घेऊन येईपर्यंत तू संपली होतीस.

तुझ्या दारात मी सगळ्यांबरोबर रडले. पण तुला खरं सांगते, त्या रडण्यात दुःख थोडं होतं. जास्त होती ती धडकी. आता मी सांगायचं ते कोणाला?

बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी मी शेडवर गेले. संचालक असून त्या हौदाला मी कधी हात लावला नव्हता. बाया धूत होत्या. सुनंदा तुझ्या फळीच्या टोकावर उभी होती, कारण फळीवर चौघी मावतात आणि नळाजवळ सहा जणी होत्या. मी नळाकडे हात नेला तशी ती म्हणाली, ताई, पदर घ्या. मी घेतला नाही. नळ धरला. बोटांतून कोपरापर्यंत काहीतरी सरसर चढलं, जसं आतून कोणी सुया ओढाव्यात, आणि हात आपोआप झटकला गेला. मी तिथंच खाली बसले. बाया हसल्या, त्यांना सवय होती. सुनंदा मात्र हसली नाही. ती म्हणाली, एखाद्या दिवशी कमी येते, एखाद्या दिवशी लय येते. आज कमी आहे.

आज कमी आहे.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी यांना सगळं सांगितलं, अर्जाचंही. शाळेत निघाले होते, बूट घालत होते. बराच वेळ नाडी बांधत बसले. मग म्हणाले की दादासमोर बोलशील, पण राहायचं आपल्याला याच भिंतीला लागून आहे. मी विचारलं, मग बोलू नको का? ते म्हणाले, "मले विचारू नको." त्यांचा राग आला नाही. अठरा वर्षं मीही हेच करत आले होते.

तुझ्यासाठी सगळे दोन मिनिटं उभे राहिले. भासरे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. कष्टाळू बाई, स्पष्ट बाई, कंपनीचं नुकसान झालं. खोटं नव्हतं ते. मग सगळे बसले, चहा आला आणि चौधरींनी यादी वाचली. तू नव्हतीस तरी त्यांनी मोठ्यानं वाचली, सवयीनं असेल. सातवा विषय संपला. त्यांनी विचारलं, मंजूर?

त्या एका शब्दानंतर किती वेळ असतो ते मला त्या दिवशी कळलं. तीन माणसं 'मंजूर' म्हणेपर्यंतचा. एक म्हणाला, दुसरा म्हणाला. मी टेबलाची कड धरून उभी राहिले आणि माझा पदर डोक्यावरून घसरला. तो सावरायला हात उचलला असता तर मी पुन्हा खाली बसले असते.

"मंजूर नाई," मी म्हणाले. "एक विषय घालाचा आहे."

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते चौधरींना म्हणाले, "त्यायले म्हना, आयत्या वेळच्या विषयात घेऊ शेवटी."

मी त्यांच्याचकडे पाहून म्हणाले, "शेवटी नाई, भाऊजी. सगळ्यात आधी."

कप खाली ठेवल्याचे आवाज झाले. ते तरी चौधरींशीच बोलले, लेखी अर्ज लागतो, नियम आहे. मी पिशवीतून तो कागद काढला. घडीवर घडी पडून तो मऊ झाला होता. तो चौधरींसमोर टेबलावर ठेवला. मी म्हणाले, हा अर्ज देवकामावशीनं दीड महिन्यापूर्वी सही करून माझ्याजवळ दिला होता. चौधरी साहेबांना द्यायला सांगितलं होतं. मी दिला नाही. तिला मात्र दिला म्हणून सांगितलं.

"मांगच्या बैठकीत तुम्ही तिले खोटी म्हनलं, भाऊजी. ती खोटी नोती. खोटी मी होती."

चौधरींनी कागद उघडला, तुझी सही पाहिली आणि हलक्या आवाजात विचारलं, सूचक वंदनाताई, अनुमोदक?

तिथं मी खरी घाबरले. तोपर्यंतचं भय बोलण्याचं होतं. हे वेगळं होतं. मी बोलून बसले होते आणि पाठीशी उभं राहायला कोणी नव्हतं. सहा पुरुष. एक मोबाइल बघत होता, एक खिडकीबाहेर. अनुमोदन मिळालं नाही तर विषय तिथंच संपतो, हे तुला मीच समजावून सांगितलं होतं. भासरे खुर्चीला टेकले. पंखा फिरत होता. मला वाटलं, तू त्या दिवशी चष्मा पुसत बसलीस तेव्हा तुला असंच वाटलं असेल.

गुलाबराव घसा खाकरले. त्यांनी कोणाकडे न पाहता, कपातल्या चहाकडे बघत म्हटलं, "माही सून बी जाते तिथं धुवाले. घ्या लिहून माहं नाव."

मग बाकीच्यांच्या माना हलल्या. चौधरींनी लिहिलं, विषयपत्रिका दुरुस्तीसह मंजूर. पहिला विषय, शेडमधील वीज. पाव तासात ठराव झाला: दुरुस्ती होऊन वायरमननं लेखी दिल्याशिवाय मोटर चालू करायची नाही, तोवर टाकीच्या पाण्यानं, बादल्यांनी धुवायचं. भासऱ्यांनी विरोध केला नाही. सही करताना त्यांचं पेन मात्र एकदा कागदातून आरपार गेलं.

दुसऱ्या दिवशी सेलूहून नवीन वायरमन आला. भासरेही आले, लांब उभे राहिले. त्यानं मोटर खोलली, टेस्टर लावला, मग भिंतीला धरून तारेचा माग काढत खाली आला. अर्थिंगची तार जमिनीत गेलीच नव्हती. हौदामागं वीतभर खाली आणून तिथंच दुमडून ठेवली होती, वर सिमेंटचा हात फिरवलेला. तो उकिडवा बसून ते टोक बघत राहिला. त्यानं विचारलं, इथं रोज किती बाया उभ्या राहतात? मी सांगितलं. तो म्हणाला, "अन् आतापर्यंत कोनाले..." आणि वाक्य त्यानं तसंच सोडलं. सुनंदा माझ्या मागं उभी होती. तिनं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले.

भासरे जवळ आले. त्यांनी ते टोक पाहिलं. चेहरा उतरलेला होता, हे मी सांगायलाच हवं. ते दुष्ट माणूस नाहीत, तूही कधी तसं म्हणाली नाहीस. ते वळले आणि चौधरींना म्हणाले, "त्यायले म्हना, अर्ज तवाच द्याले पाह्यजे होता."

ते गेले. घरी आता जाऊबाईंकडून भाजीची वाटी येत नाही. सासूबाईंचं एक वेळचं जेवण तिकडचं थांबलं, त्या दोन्ही वेळा इकडेच जेवतात. हे सगळं मी धरून चालले होते. याची भीती होती आणि ती खरी ठरली. पण जगता येतं. तू म्हणायचीस तसं, भेवानं मरत नाही माणूस.

मात्र भासरे अर्जाबद्दल म्हणाले ते मनातून जात नाही. ते खरं बोलले. तुझा अर्ज माझ्या साड्यांच्या खाली होता ते सगळे दिवस रोज पंधरा-वीस बाया त्या पाण्यात उभ्या होत्या. एखाद्या दिवशी कमी येत होतं, एखाद्या दिवशी लय. मी ऑफिसात बसून चिठ्ठ्या लिहीत होते, मेथी इतकी, पालक इतका. दुपारी डोळा लागला तरी मला ती सहा जणींची रांग दिसते आणि मी दचकून मोजायला लागते, सगळ्या उभ्या आहेत ना म्हणून.

तू बैठकीत माझं नाव घेतलं नाहीस. माया म्हणून घेतलं नाहीस, की ही पोरगी आज ना उद्या स्वतःच बोलेल म्हणून, की नुसतीच कंटाळलीस, मला ठरवता येत नाही. माझं नाव घेतलं असतंस तर मला लाज वाटली असती आणि हौद तेव्हाच बंद झाला असता. याबद्दल तुझ्याशी भांडायचं राहून गेलं, मावशी. आणि तू नाव घेतलं नाहीस म्हणून मी तुझे पाय धरायचे, तेही राहून गेलं.

कोणाला काही झालं नाही. सुनंदा आहे, गुलाबरावांची सून आहे, सगळ्या आहेत. काहीच झालं नाही, पण ते माझ्यामुळं नव्हे.